पौषातली यात्रा आणि पूर्णेचा घाट

आज फवारणी-खताचं काही नाही. गावच्या यात्रेची वर्गणी सुरू झाली की दरवर्षी एकच वाद होतो, पैसा करमणुकीला लावायचा की गावाच्या कामाला? म्हणून थोडा जुना इतिहास.

अमरावती जिल्ह्यातल्या भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथं यात्रा भरते. पौष म्हणजे वऱ्हाडात कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असायचे ते याच दिवसांत. यात्रेकरू नदीवर अंघोळीला उतरायचे, पण काठ घसरडा. हा सगळा खारपाणपट्टा. काळी चिकण माती, त्यात सोडियम जास्त. ओली झाली की पाय ठरत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

इथं घाट बांधायचं काम डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी हाती घेतलं. आपले गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगावचा. वाढले मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला, मामाच्या घरी. गुरं राखली, नांगर धरला. मामाची जमीन सावकारानं कशी गिळली ते डोळ्यांनी पाहिलं. १९०५ साली घर सोडलं.

बाबांची रीत साधी. गावात आले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. कीर्तन म्हणजे लोकांना सवाल. कर्ज काढून सण कशाला? दारू कशाला? देवाला बकरं कशाला? पोरं शाळेत का नाहीत? लोक पैसे द्यायला लागले की म्हणायचे, मला नको, कामाला द्या. ऋणमोचनच्या यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांना जेवण सुरू झालं ते याच पैशातून. पुढं पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा झाल्या.

आता खरी गोष्ट. एवढा पैसा उभा राहिला तो नुसत्या कीर्तनाच्या गोडीनं नव्हे. मागणारा माणूस स्वतः अंगावर चिंध्या आणि हातात मडकं घेऊन हिंडत होता. धर्मशाळा बांधली, पण तिच्यात स्वतःसाठी खोली ठेवली नाही. कारभार विश्वस्तांकडे दिला, घरच्यांचा त्यावर हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दिलेला रुपया कुठं गेला, ते देणाऱ्याला दगड-चुन्यात उभं दिसत होतं. म्हणून पुढच्या वर्षी तो पुन्हा खिशात हात घालायचा.

बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले. यात्रा अजून भरते.

आपल्याकडं लोक वर्गणी देत नाहीत अशी ओरड असते. माझ्या मते लोक देतात, त्यांना हिशेब हवा असतो. यंदा तीन गोष्टी करून बघा. वर्गणी घ्यायच्या आधी काम ठरवा, एकच ठरवा. जमा आणि खर्च देवळासमोरच्या फळ्यावर लिहा. आणि ज्याच्या हातात पैसा, त्याच्या घरचा ठेका नको.

कुस्त्या करा, पालखी काढा, जेवणावळ घाला. फक्त यात्रा उठल्यावर गावात एक पायरी तरी नवी दिसली पाहिजे.