व्हिटॅमिन डी कमी म्हणून मूल होत नाही का?

लग्नाला दोन वर्षं झाली आणि गोड बातमी नसली की प्रश्न सुनेलाच विचारले जातात. हल्ली त्यात एक भर पडली आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी कमी निघतं आणि सगळं घर म्हणतं, "बघा, हेच कारण!" माझी एक जुनी विद्यार्थिनी असाच रिपोर्ट घेऊन कोंढव्याला घरी आली होती. आकडा होता ११. म्हणाली, "आपा, सासूबाई म्हणतात माझ्यातच खोट आहे." तिला जे समजावलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

डी म्हणजे नक्की काय?

बाकीची जीवनसत्त्वं आपण खातो, हे मात्र शरीर स्वतः बनवतं. उन्हातले अतिनील 'बी' किरण त्वचेवर पडले की डी तयार होतं. ते अन्नातलं कॅल्शियम शोषून हाडांना पोचवतं. तपासणीत २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी मोजतात. प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमच्या खाली आलं तर साधारण कमतरता धरतात.

नाशिकची शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट

१९२१-२२ च्या सुमारास डॉ. हचिसन यांनी नाशिकमध्ये हाडं मऊ होण्याच्या आजाराचा अभ्यास केला. खाऊन-पिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या मुस्लिम आणि वरच्या जातींतल्या हिंदू घरांत हा आजार दिसत होता. उन्हात राबणाऱ्या गरीब घरांत, जेवण साधं असूनही, तो जवळपास नव्हता. या आजारात कंबरेचं हाड वाकडं होऊन बाळंतपण अडायचं, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतायचं. म्हणजे प्रश्न एकाच समाजाचा नव्हता. ऊन मिळत नव्हतं, हा होता.

मूल होण्याशी संबंध किती?

अंडाशयात आणि गर्भाशयाच्या अस्तरात डी ओळखणारे ग्राहक असतात, म्हणून शास्त्रज्ञांना शंका आली. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ११ अभ्यास, म्हणजे सुमारे २,७०० महिलांची माहिती एकत्र केली. टेस्ट ट्यूब बेबीसारखे उपचार घेणाऱ्या महिलांमध्ये ज्यांचं डी पुरेसं होतं, त्यांना मूल होण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. वजन जास्त असलं किंवा पीसीओएस असलं तरी डी अनेकदा कमी असतं, आणि गर्भ राहायलाही अडचण येते. म्हणून इटलीत थेट प्रयोग झाला. डी कमी असलेल्या ६३० महिलांपैकी काहींना उपचाराआधी ६ लाख युनिटचा डोस दिला, काहींना औषध नसलेला दिखाऊ डोस. २०२१ मध्ये निकाल आला. डोस घेतलेल्यांत ३७ टक्के महिलांना गर्भ राहिला, न घेतलेल्यांत ४० टक्के. म्हणजे फायदा दिसला नाही.

सार एवढंच. डी भरून काढा, हाडांसाठी आणि पुढच्या बाळंतपणासाठी ते हवंच. पण "डी भरलं की मूल होईल" असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

बुरखा, फ्लॅट आणि ऊन

कपड्याखालच्या त्वचेला हे किरण मिळत नाहीत, आणि खिडकीच्या काचेतूनही येत नाहीत. आपल्या बिल्डिंगा एकमेकींना चिकटून, गॅलरीत सावली. गच्चीवर किंवा आडोसा असलेल्या बाल्कनीत सकाळी ११ ते दुपारी २ च्या मध्ये चेहरा, हात, पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसता आलं तर उत्तम. रंग सावळा असेल तर थोडं जास्त. त्वचा भाजेपर्यंत मात्र बसू नका. सोसायटीत बायकांसाठी गच्चीची एक वेळ ठरवली तर पडदाही राहतो आणि ऊनही मिळतं.

पावसाळ्यात पुण्यात ऊनच नसतं. तेव्हा अंड्याचा पिवळा बलक, बांगड्यासारखे तेलकट मासे आणि '+एफ' चिन्हाचं दूध-तेल यांचा थोडा आधार होतो. पण फक्त आहारावर भागत नाही. पूर्ण पडदा करणाऱ्या बहिणींनी डॉक्टरांना विचारून पूरक डोस घ्यावा.

औषध घेताना

- भारतात रोजची गरज ६०० युनिट धरली आहे. ६० हजार युनिटची पुडी साधारण आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच असते. रोज घेऊ नका. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, किडनीला धोका होतो.
- मऊ कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते. हलालबद्दल शंका असेल तर मेडिकलवाल्याला पुडी, गोळी किंवा थेंब मागा.
- मूल हवं असेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करा. बाळाच्या मणक्यातले दोष टाळायला त्याचा फायदा सिद्ध झालेला आहे.

तपासणी दोघांची

वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर डॉक्टरांकडे जा. बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. हिमोग्लोबिन, थायरॉइड, पाळीचा इतिहास बघतात. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत व्हावी. ती सर्वांत सोपी आणि स्वस्त. कितीतरी जोडप्यांत अडचण पुरुषाकडे किंवा दोघांकडे असते.

माझ्या विद्यार्थिनीचं डी आठ-दहा आठवड्यांत भरलं. मग तिचा नवरा तपासणीला तयार झाला आणि दोष त्याच्या रिपोर्टमध्ये निघाला. आता दोघांचा उपचार चालू आहे. सासूबाई आता सुनेला काही बोलत नाहीत. पण हा रिपोर्ट दोन वर्षं आधी निघू शकला असता. दोन वर्षं त्या मुलीने जे ऐकून घेतलं, ते कुठल्या पुडीने भरून निघणार?