डोनेशन आणि देणगी

घरी सहज म्हणून बघा, "मी कॉलेजला डोनेशन दिलं." आई लगेच विचारेल, "आता कुणाच्या ॲडमिशनसाठी?" हा जोक नाही. हा शब्द आपल्याकडे असाच वाढलाय. देवळाला देतो ती देणगी, गणपतीला देतो ती वर्गणी, आणि कॉलेजला बाप देतो ते डोनेशन. तेही मुलगा आत शिरायच्या आधी!

याची सुरुवात साधारण १९८३ ची. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. त्याआधी महाराष्ट्रातल्या मुलाला इंजिनिअर व्हायचं तर मोजक्या सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत नंबर लागावा लागायचा, नाहीतर पैसेवाले कर्नाटकात जायचे. दादा स्वतः फारसं शिकलेले नव्हते, पण त्यांच्या त्या एका निर्णयाशिवाय तुमच्या-माझ्या टीममधले निम्मे लोक इंजिनिअर झाले नसते. सरकार पैसे देणार नाही म्हटल्यावर खर्च फीमधूनच निघणार, आणि फीच्या बाजूने बिनपावतीचा रस्ताही निघाला. तो इतका वाहता झाला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला मनाई करणारा कायदा करावा लागला. कायदा आला, शब्द मात्र तसाच राहिला.

मग उपनगरातली जुनी कॉलेजं कोणाच्या पैशावर उभी राहिली? वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून जाताना जोगेश्वरीला टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज आहे. जहाजांच्या धंद्यातले सर मोहम्मद युसुफ यांनी १९१४ साली मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी सरकारकडे आठ लाख रुपये दिले. १९१४ चे आठ लाख! कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं १९३० मध्ये, दात्याच्या वडिलांच्या नावाने. पैसे देऊन सोळा वर्षं थांबायची तयारी लागते. आपण क्लायंटच्या अप्रूव्हलला सोळा दिवस थांबलो तरी मेलवर मेल करतो :)

विद्याविहारला साखरेच्या धंद्यातले करमशी जेठाभाई सोमैया, मुलुंडला वझे-केळकर कॉलेजमागे सुगंधी द्रव्यांच्या व्यवसायातलं केळकर कुटुंब. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पैसा बाहेरच्या माणसाचा. तो तिथे शिकलेला नव्हता, कारण शिकायला तिथे काही नव्हतंच.

पार्ल्याची तऱ्हा थोडी वेगळी. लोकमान्य गेल्यानंतर पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पार्लेकरांनी त्यांच्या नावाने शाळा काढली. त्याच संस्थेने १९५९ साली पार्ले कॉलेज काढलं, तेच आजचं साठ्ये. पु. ल. याच शाळेतून मॅट्रिक होऊन जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफमध्ये गेले. म्हणजे एकच मुलगा आधी गावकऱ्यांच्या शाळेत शिकला आणि मग एका शेठच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कॉलेजात.

पण माजी विद्यार्थ्याने परत येऊन द्यायचं, ही कल्पना अमेरिकेतूनच आली असं आपण धरून चालतो. येल विद्यापीठाचा माजी विद्यार्थ्यांचा वार्षिक फंड १८९० चा. आता ही तारीख बघा: १८८६. मुंबईत शिकवण्या आणि शाळामास्तरकी करणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांनी त्या साली 'मुरूड फंड' काढला. दापोलीजवळचं मुरूड हे त्यांचं गाव. जे मुरुडकर कमावते झालेत त्यांनी थोडं थोडं द्यावं, गावाच्या कामासाठी. महर्षी वगैरे व्हायला अजून बरीच वर्षं होती, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. म्हणजे जवळजवळ माझ्या वयाचे. (इथे तुलना थांबवतो.)

आणि हे एकट्या कर्व्यांपुरतं नाही. कोकणातल्या कितीतरी गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत. परळ-लालबागच्या खोल्यांतून ती लोकांबरोबर भांडुप, मुलुंड, जोगेश्वरी, बोरिवलीपर्यंत आली. गावच्या शाळेचे पत्रे, विहीर, देवळाचा सभामंडप... चाकरमान्याने पगारातून वर्गणी द्यायची, पावतीपुस्तकातून पावती फाडायची, आणि वर्षातून एकदा जमाखर्च सगळ्यांसमोर वाचायचा. वाचताना भांडणं ठरलेलीच. पन्नास रुपयांच्या चहावरून अध्यक्षाला उभं-आडवं घेतात. माझ्या मते हाच त्या व्यवस्थेचा प्राण आहे. जिथे हिशेबावर भांडता येतं तिथे माणूस पुढच्या वर्षी परत पैसे देतो.

आता पवई. आयआयटी मुंबईची पहिली शंभर मुलं १९५८ मध्ये वरळीच्या सस्मिरा इमारतीत बसत होती. नेहरूंनी पवईला कोनशिला बसवली १० मार्च १९५९ ला. पैसा सरकारचा, यंत्रं आणि तज्ज्ञ युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाचे. गंमत म्हणजे रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या संस्थेची पोरं बोटीत-विमानात बसून गेली अमेरिकेला, आणि तिथूनच परतीचा पैसा सुरू झाला. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांनी हेरिटेज फंड काढला. कंवल रेखींच्या नावाने माहिती तंत्रज्ञानाचं स्कूल उभं राहिलं. १९७३ मध्ये दाखल झालेल्या नंदन निलेकणींनी आधी होस्टेलं वगैरेंसाठी ८५ कोटी दिले होते, २०२३ मध्ये आणखी ३१५ कोटी दिले. त्याच वर्षी एका दात्याने नाव न सांगता १६० कोटी दिले. आणि १९९८ च्या बॅचने पंचवीस वर्षं झाली म्हणून मिळून ५७ कोटींचा शब्द दिला. दोनशेहून जास्त जण त्यात होते.

मला यातला शेवटचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. निलेकणी एकच असतात. पण दोनशे जणांना फोन करणारं, याद्या ठेवणारं, होस्टेलवार मागे लागणारं कुणीतरी होतं. शिवाय त्या मुलांच्या शिक्षणाचा मोठा भार सरकारने उचलला होता, त्यामुळे "आपल्यावर काही बाकी आहे" असं वाटायला जागा होती. आमच्यासारख्यांचं काय? आईबाबांनी एफडी मोडून पूर्ण फी भरली, पुस्तकं आणली, वर 'डेव्हलपमेंट फी' भरली. डेव्हलपमेंट कसलं ते चार वर्षांत दिसलं नाही. पदवी मिळाली तेव्हा हिशेब मिटला असंच प्रत्येकाला वाटलं.

म्हणून गेल्या मार्चमध्ये आमच्या बॅचच्या ग्रुपवर कॉलेजचं पत्र आलं तेव्हा आधी हशाच झाला. (कॉलेज उपनगरातलंच, छोटं. नाव सांगत नाही.) मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती, दोन वॉटर कूलर आणि एका लॅबचं वायरिंग, यासाठी मदत हवी होती. एकाने विचारलं, "नॅक येतंय का?" येतच होतं. नॅकच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण असतात, त्यामुळे त्या वर्षी सगळ्यांनाच आपली आठवण येते. पण आमच्यातलीच एक जण लिहून गेली, "ते टॉयलेट मी चार वर्षं वापरलंय. मी दिवसभर पाणी प्यायचे नाही. कुणीही येऊ दे, ते दुरुस्त व्हायला पाहिजे." त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग नेहमीचा इंजिनिअरी हिशेब. आम्ही साठ जण. महिना पाचशे म्हणजे एका वीकेंडचा अर्धा पिझ्झा आणि कॅब. साठ गुणिले पाचशे, महिन्याला तीस हजार, वर्षाला तीन लाख साठ हजार. कोटींच्या गप्पांत हा आकडा बावळट दिसतो, पण आमच्या कामाला पुरतो. अडचणी वेगळ्या निघाल्या. नव्या करप्रणालीत देणगीवर सूट नाही, आणि आमच्यातले बहुतेक तिच्यातच आहेत. परदेशी नागरिकत्व घेतलेला एक आहे. त्याचे पैसे घ्यायचे तर संस्थेला एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं उघडावं लागतं. दोन वॉटर कूलरसाठी दिल्ली! त्याला म्हटलं, तू इथे आलास की आम्हाला वडापाव दे.

खरा अडथळा मात्र "पैसे देऊ, पण जातील कुठे?" हाच. त्यासाठी आम्ही ग्रामस्थ मंडळाचीच पद्धत उचलली. प्राचार्यांना पत्र लिहिलं: वेगळं खातं, सहीला एक शिक्षक आणि एक माजी विद्यार्थी, प्रत्येक रुपयाची पावती, आणि वर्षातून एकदा जमाखर्च नोटीस बोर्डावर, सध्याच्या मुलामुलींनाही दिसेल असा. स्वच्छतागृहाचं काम सर्वांत आधी. दारावर आमच्या नावाची पाटी नको. (तिथे ती कुणालाच नको होती म्हणा.)

साठांपैकी एकतीस जणांनी होकार दिलाय. प्राचार्यांचं उत्तर आलं: बाकी सगळं मान्य, जमाखर्च नोटीस बोर्डावर लावण्याबद्दल व्यवस्थापनाला विचारून सांगतो. पुढच्या शनिवारी आम्ही पाच जण भेटायला जातोय.