'नांव' चूक कधी झालं?

जुन्या मराठी पुस्तकात 'नांव', 'कांहीं', 'त्यानें' असं छापलेलं दिसलं, तर छापखान्याला हसू नका. १९६२च्या आधी तेच शुद्ध होतं! हे टिंब बहुतेकांच्या उच्चारातून केव्हाच विरून गेलेलं. तरी ते कुठल्या शब्दावर द्यायचं, हे पोरांना व्युत्पत्तीवरून पाठ करावं लागे. म्हणजे कान सांगणार एक, परीक्षक मागणार दुसरं. १९६२ला मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने मान्य केले आणि या न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना सुट्टी मिळाली. (१९७२ला आणखी ४ नियम आले.)

वेलांटीचं दुखणं मात्र राहिलं, आणि ते जुनं आहे. शेकडो वर्षं आपला रोजचा कारभार मोडीत चालला. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळतच नसत. पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनाला 'पाणि' की 'पाणी' हा प्रश्नच पडला नसेल. पुढे छापील देवनागरी आली, शाळा आल्या, तेव्हा तो प्रश्नही आला आणि त्याचे कापलेले मार्कही.

नव्या नियमांनी इथेही उच्चार ऐकला. शब्दाच्या शेवटचा इ-उ आपण लांबवतो, म्हणून 'कवि'चा 'कवी' झाला. छान! पण समासात संस्कृत मूळ परत येतं: 'कविसंमेलन', 'मंत्रिमंडळ'. 'मंत्रीमंडळ' हमखास लिहिलं जातं ते त्यामुळेच. मला तरी यात लिहिणाऱ्याची बेफिकिरी कमी आणि अर्ध्यावर सोडलेली सुधारणा जास्त दिसते. आणि हो, 'आणि' अजून ऱ्हस्वच आहे.