‘राक्षस’ नावाची कवळी : फ्रॉइड यांची अखेरची सोळा वर्षे (थ्रेड)

१/ एप्रिल १९२३, व्हिएन्ना. ६६ वर्षांच्या सिग्मंड फ्रॉइड यांच्या तोंडातील गाठ शस्त्रक्रियेने काढण्यात आली. रुग्णाला बोलते करणे हीच ज्यांची उपचारपद्धती, त्यांच्याच तोंडात कर्करोगाने घर केले होते. प्रारंभी डॉक्टरांनी हे निदान त्यांच्यापासून लपवले.

२/ ऑक्टोबरमध्ये शल्यविशारद हान्स पिख्लर यांनी मोठी शस्त्रक्रिया केली. उजव्या बाजूचा वरचा जबडा आणि टाळू यांचा बराचसा भाग काढावा लागला. तोंड व नाक यांच्यामधला पडदाच नाहीसा झाला.

३/ ती पोकळी बुजवण्यासाठी एक अवजड कृत्रिम टाळू, म्हणजे एक प्रकारची मोठी कवळी, बसवण्यात आली. तिच्यावाचून खाणे आणि बोलणे दोन्ही अवघड. घरात तिला नाव पडले ‘राक्षस’.

४/ घट्ट बसवली तर ती टोचे, जखमा करी. सैल ठेवली तर शब्द नाकातून येत. काही काळ काढून ठेवली तर पुन्हा बसणे कठीण होई. ती बसवण्यासाठी कन्या अ‍ॅना यांची मदत लागे.

५/ अ‍ॅना यांच्याशी फ्रॉइड यांनी आरंभीच एक करार केला होता : शुश्रूषा करताना भावनांचे प्रदर्शन नको, सारे काही शल्यविशारदाच्या अलिप्तपणे व्हावे. मानवी भावनांचा अभ्यास हेच ज्यांचे जीवनकार्य, त्यांना स्वतःसाठी मात्र कोणाची कणव नको होती.

६/ चारचौघांत जेवणे त्यांनी जवळजवळ सोडले. उजव्या कानाने ऐकू येईनासे झाले, तेव्हा रुग्णाचा कोच आणि स्वतःची खुर्ची यांची मांडणी बदलावी लागली. रुग्णांना तपासणे मात्र थांबले नाही. आणि सिगारही सुटली नाही.

७/ सभामंच मात्र सुटला. १९२५ च्या बाड होम्बुर्ग येथील परिषदेत त्यांचा निबंध अ‍ॅना यांनी वाचला. १९३० चा ग्योथे पुरस्कार स्वीकारण्यासाठी फ्रँकफुर्टला गेल्या त्याही अ‍ॅनाच. त्या काळातील छायाचित्रांत पांढऱ्या दाढीमागचे हे सारे फारसे दिसत नाही.

८/ याच काळात, १९३५ मध्ये, पॉल शिल्डर यांचा ‘देहप्रतिमा’ या संकल्पनेवरील ग्रंथ आला. शिल्डर हे एकेकाळी व्हिएन्नातील मनोविश्लेषकांच्या मंडळातलेच. आपल्या देहाचे मनातले चित्र इतरांच्या सहवासातही घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. टाळलेल्या जेवणांचा अर्थ इथे उलगडतो : जखम तोंडातली, पण संकोच समोर बसलेल्या माणसांचा.

९/ १९३८ मध्ये नाझींच्या छायेतून फ्रॉइड लंडनला गेले. त्या डिसेंबरमध्ये बीबीसीने ध्वनिमुद्रित केलेला त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. एकेक शब्द उच्चारताना पडणारे कष्ट त्यात स्पष्ट जाणवतात.

१०/ अखेरच्या महिन्यांत गालाला छिद्र पडले. जखमेच्या दुर्गंधीमुळे त्यांचा लाडका चाऊ कुत्राही जवळ येईना. २३ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.

११/ सोळा वर्षे आणि तीसहून अधिक शस्त्रक्रिया. त्या काळाच्या मानाने हे वैद्यकाचे मोठेच यश होय. टाळूच्या कर्करोगानंतर अशी कृत्रिम टाळू आजही बसवली जाते, आणि चारचौघांत जेवायला संकोचणारे रुग्ण आजही आहेत. फरक इतकाच, की त्या संकोचाला आता नाव आहे आणि त्याविषयी रुग्णाला विचारता येते. १९२३ मध्ये तो भार एका कन्येने, करार पाळत, निमूटपणे वाहिला.