सूरह नहल आणि एक माइट

दर रमजानला व्हॉट्सॲपवर तोच संदेश येतो: सूरह नहलमध्ये मधमाशीला स्त्रीलिंगी क्रियापदांनी संबोधलंय, म्हणजे विज्ञान आपल्याला आधीच ठाऊक होतं! त्याच आयतीच्या शेवटी विचार करणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे, तो मात्र संदेशात कधी नसतो. मधमाशीबद्दल माणसानं विचार कसा केला, किती अडखळत केला, हे पाहायचं तर व्हरोआचा इतिहास बघावा.

१९०४ साली औदेमान्स या डच अभ्यासकानं जावा बेटावरच्या मधमाश्यांवर सापडलेल्या गोचिडासारख्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या परजीवीचं वर्णन केलं. नाव ठेवलं व्हरोआ जेकबसोनी. (व्हरोआ हे नाव मधमाशीपालनावर लिहिणाऱ्या व्हॅरो या रोमन विद्वानावरून आलं.) जावातल्या त्या माश्या आपल्या सातेरीच्याच जातीच्या. सातेरीनं या पाहुण्याशी जमवून घेतलेलं. तो मुख्यतः नरांच्या कोशांत वाढतो, माश्या त्याला अंगावरून काढून टाकतात आणि वसाहत तगते.

माणसानं युरोपियन माशीच्या पेट्या पूर्व आशियात नेल्या आणि घात झाला. तिथं माइट कामकरी माश्यांच्या कोशांतही वाढू लागला, सोबत पंख वेडेवाकडे करणारा विषाणू पसरवू लागला. उपाय केला नाही तर दोन-तीन वर्षांत पेटी रिकामी. १९८७ मध्ये तो अमेरिकेत सापडला, १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये.

आणि इतकी वर्षं त्याचं नावच चुकलं होतं! २००० साली अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवलं, की जगभर पेट्या उजाड करणारा माइट जावातला नव्हेच, ती वेगळी जात. तिला नाव मिळालं डिस्ट्रक्टर.

तो माशीचं रक्त पितो, हेही पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलेलं. सॅम्युअल रॅम्झी यांनी माश्यांचं रक्त एका रंगानं आणि मेदपिंड दुसऱ्या रंगानं चमकवले. २०१९ साली निष्कर्ष छापून आले: माइटच्या पोटात उतरला तो मेदपिंडाचा रंग. मेदपिंड म्हणजे माशीचं जवळजवळ यकृतच. विष पचवणं, रोगाशी लढणं, ऊर्जा साठवणं ही कामं त्याची. पाच वर्षांनी त्यातही दुरुस्ती आली. प्रौढ माशीवर तो मेदपिंड खातो, पण कोशातल्या पिल्लाचं मात्र रक्तच पितो.

पाळणाऱ्याची अडचणही याच कोशात आहे. झाकण बंद झालं की ऑक्झॅलिक आम्ल आतल्या माइटपर्यंत पोचत नाही. म्हणून पेटीत पिल्लं नसतील तो काळ साधावा लागतो. त्याआधी अर्धा कप माश्या पिठीसाखरेत घोळवून, चाळणीतून खाली पडलेले माइट मोजायचे.