महाडचा आवाज आणि तबकडी

महाडच्या संग्रामाचा इतिहास आपण वाचतो, ऐकत नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यात बहिष्कृत परिषद भरली. तेथे कोण कोणत्या स्वरात बोलले, चवदार तळ्याकडे निघालेल्या समुदायाचा आवाज कसा होता, हे सांगणारी एकही ध्वनिमुद्रिका आपल्यापाशी नाही. हा निव्वळ योगायोग मानायचा काय?

त्या काळी यंत्रच नव्हते, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचा गळा तबकडीवर उतरला होता. १९०८ पासून तबकड्या याच देशात तयार होऊ लागल्या. १९२५च्या सुमारास कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली. आणि महाडच्या दोन परिषदांच्या मधल्या काळात, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. डिसेंबरच्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहूनच ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले व तेथून पायी महाडला आले. म्हणजे यंत्र फार दूर नव्हते. प्रश्न होता तो यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या गरजेचे, हा.

तबकडी हा बाजाराचा माल होता. एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटे मावत, आणि त्या मिनिटांत काय भरायचे हे गिऱ्हाइकाची ऐपत ठरवी. कलावंतिणींचे गाणे या तबकड्यांनी प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात नेले. त्या बायांना मात्र तेथे घरच्या माणसाची जागा मिळाली नाही. गळा हवा, माणूस नको, हा आपल्या समाजाचा जुनाच न्याय! सरकारनेही तबकड्या काढल्या. ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या काळात देशातील अनेक बोली मुद्रित झाल्या. पण बोलणाऱ्यांकडून बहुधा बायबलातील उधळ्या मुलाची गोष्ट वदवून घेतली जाई. बोली त्यांची, गोष्ट दुसऱ्याची. आपले दुःख सांगा, असे त्या यंत्राने कोणाला विचारले नाही.

याची किंमत कोणी मोजली? महाडात २० मार्चला अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या पडल्या. मग तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी १०८ घागरी ओतल्या गेल्या. पुढे सवर्ण कोर्टात गेले ते अनादि वहिवाटीचा दावा घेऊन. वहिवाट म्हणजे तरी काय? पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाजूने सांगितलेली तोंडी गोष्ट! तिच्या बळावर १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. ती वहिवाट सिद्ध होत नाही, हे हायकोर्टाकडून ऐकायला १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. सत्तावानाचे तोंडी बोलणे पुरावा ठरते आणि दलिताचे बोलणे ऐकीव गोष्ट ठरते, हा भेद इतिहासलेखनातही आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. महाडचा आवाज टिकला तो छापील अक्षरात.

येथे यंत्राची एक खुबी ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या पद्धतीत मुद्रण मेणावर होई. ते मेण वाजवून पाहिले तर खाचा बिघडत. म्हणून बोलणाऱ्याला आपला आवाज ऐकायला कारखान्यातून तबकडी येईपर्यंत थांबावे लागे. १९३०नंतरच्या दशकात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप दिलेली तबकडी आली. तिच्यावर सुईने कोरले की तेथल्या तेथे ऐकता येई. मात्र लेप मऊ असल्याने प्रत्येक वेळी वाजवताना ती थोडी झिजे.

लोकगीताचे नेमके उलटे आहे. ते जितके गावे तितके पक्के होते. भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला तो यंत्राशिवाय. पुढे विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्यातील भीमगीते ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटवर आली, आणि प्रथमच वस्तीचा आवाज यंत्रातून वस्तीत परतला. जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या मुद्रित झाल्या. बाबासाहेबांची बीबीसीवरील १९५५ची मुलाखत इंग्रजीत आहे. या ओव्या मात्र आपल्या आयाबायांच्या मराठीत आहेत. दोन्ही इतिहासच.

आज १९२७ पाहिलेली पिढी उरलेली नाही. तिच्या तोंडून ऐकलेली माणसे महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर म्हातारी झाली आहेत. यंत्र आता खिशात आहे, तेव्हा सबब उरलेली नाही. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी सावित्रीच्या खोऱ्यात जावे, पण ग्रिअर्सनच्या माणसांसारखे नव्हे. आपला प्रश्न लादू नये. तारीख आणि गाव नोंदवावे. मुख्य म्हणजे मुद्रण झाल्यावर ते त्या आजीला तेथेच ऐकवावे. ‘असं नव्हं, लेकरा,’ म्हणून ती दुरुस्ती करील, तीही मुद्रित करावी. एक प्रत वाडीतच ठेवावी.

तळ्याचे पाणी सर्वांचे, हे महाडने सांगितले. आवाजाची मालकीही ज्याची त्याला परत मिळाली पाहिजे.