मुलतानी माती, दादाची फुंकर आणि ट्रेलरचा क्लच

मंडळी, इतिहासाच्या मास्तराने क्लचप्लेटवर लिहावं हे पाहून आमची धाकटी बहीण हसणार, हे गृहीत धरूनच बसलोय. पण गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. "काका, खंबाटकीत गाडी उभी आहे. क्लच जळाला. वर्षात तिसरा."

गाडी म्हणजे ट्रेलर, 40 टनी. तळोज्याहून लोखंडी पत्र्याच्या कॉइल भरून कोल्हापूरकडे निघाला होता. तो शिरवळपर्यंत ओढून आणला आणि मी वाईहून एसटीने गेलो. मला त्यातलं काय कळतं? काहीच नाही. पण दादा, म्हणजे पुतण्याचे वडील, जन्मभर ट्रकचे मिस्त्री. तो नाही, म्हणून मी.

नातवंडांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाबरोबर फ्लायव्हील नावाचं जड चाक फिरत असतं. क्लचप्लेट ही गिअरबॉक्सकडे जाणारी चकती. प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पाय दाबला की चकती सुटते, सोडला की चिकटते. चिकटताना ती क्षणभर घासते आणि तापते. सपाटीला हे घासणं थोडक्यात आटपतं. पण शेकडा 5 चढ असेल तर 40 टनांची गाडी 2 टनांच्या जोराने मागे खेचत असते. तिथे वाहतूक तुंबली आणि ड्रायव्हरने अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली, की चकतीचा तवा होतो.

या चकतीवर काय लावायचं, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या मोटारींत चकतीऐवजी शंकूच्या आकाराचा क्लच असे आणि त्यावर चक्क चामडं! ते कडक होऊन धक्के देऊ लागलं की तेल चोळायचं. तेल जास्त होऊन घसरू लागलं की वर मुलतानी माती टाकायची. (आपल्याकडे ती तोंडाला लावतात.) इंग्लंडात डर्बीशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. उतारावर घोडागाडीवाले ब्रेकच्या लाकडाला जुन्या बुटांचं चामडं लावतात हे पाहून त्याला घर्षणाचा नाद लागला, अशी गोष्ट सांगतात. 1897 मध्ये त्याने काम सुरू केलं. त्यातूनच फेरोडो हे नाव पुढे आलं. फ्रूडच्या अक्षरांत बायकोच्या एलिझाबेथ या नावातला ‘ई’ मिसळून केलेलं. पुढे त्याने अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं. ते जळत नाही, घासायला चिवट आणि स्वस्त. जगभरच्या ब्रेकला आणि क्लचला ते बसलं, आणि बहुतेकांना वाटलं की प्रश्न सुटला.

दादाचं गॅरेज त्याच काळातलं. 1954 मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि 1969 मध्ये करार संपला. तोवर त्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असे, नंतर इंग्रजी टी आला. दादाचा हात ताऱ्याच्या गाड्यांवर बसलेला. 1210 म्हणजे 12 टन वजन आणि 100 अश्वशक्ती, हा हिशेब त्यानेच मला शिकवला. त्याच हिशेबाने पुढे 4018 आला, म्हणजे 40 टन आणि 180. पाढे येणाऱ्या माणसाने भागाकार करून पाहावा: एका टनाच्या वाट्याला आधी आठाहून जास्त घोडे होते, आता साडेचार. उरलेलं काम खालच्या गिअरने करायचं आणि गाडी हलवताना क्लचने सोसायचं.

गॅरेजमध्ये तीन पर्याय समोर आले. एक, कंपनीच्या मापाची साध्या लायनिंगची प्लेट. दुसरी सिरॅमिक, म्हणजे चकतीवर धातू आणि सिरॅमिकच्या मिश्रणाच्या जाड टिकल्या. तिसरी बिननावाच्या खोक्यातली, सगळ्यात स्वस्त. पुतण्या म्हणाला, "380 ऐवजी 430 ची मोठी बसवू." मिस्त्री हसला. स्प्रिंगचा जोर तोच धरला तर मोठ्या चकतीची पकड 13 टक्क्यांच्या आसपास वाढेल हे खरं; पण फ्लायव्हील, त्याची भोकं, घर, दांड्यावरचे दाते, सगळं जुळायला हवं. आणि क्लच अजिबात घसरला नाही तर धक्का मागे जातो. मग अ‍ॅक्सल तुटतो, नाही तर क्राऊन-पिनियन. सिरॅमिकचंही तेच. उष्णता उत्तम सोसते, पण एकदम पकडते.

मग मिस्त्रीने विचारलं, "शेठ, माल किती भरता?"

पुतण्या माझ्याकडे बघेना. पासिंगपेक्षा जास्त. किती ते इथे लिहीत नाही, घरातली माणसं हे वाचतात. जादा वजनाला पैसे घेऊन मुभा देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच राज्यांना बजावलं होतं. 2018 मध्ये सरकारने चार टायरच्या आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. तरी वर थोडं भरायचंच! शाळेत गृहपाठ कमी केला तरी न करणारी मुलं तीच असतात.

मी म्हटलं, ड्रायव्हरला बोलवा. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "सिरॅमिकने जाममध्ये गाडी गचके देते. मागे कॉइल आहे, काका. साखळी तुटली तर ती केबिनमध्ये येते." तिथेच निकाल लागला. साधी प्लेट, कंपनीच्या मापाची. सोबत प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही नवं. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक तडे दिसले, तेव्हा तेही बदललं. माल पासिंगइतकाच, असं पुतण्या सर्वांसमोर बोलला.

बिननावाच्या खोक्याला मी हात लावू दिला नाही. त्यावर अ‍ॅस्बेस्टॉसविषयी एक अक्षर नव्हतं. ब्रिटनने 1999 मध्ये ते बंद केलं. आपल्याकडे पूर्ण बंदी अजून नाही. 1995 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या धंद्यातल्या कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी 40 वर्षं जपायला सांगितल्या, कारण हा आजार दशकांनी उगवतो. रस्त्याकडेच्या मिस्त्रीची नोंद कुठल्या रजिस्टरात असणार? दादा क्लच उघडला की आधी हवेचा पाइप मारायचा आणि उरलेली धूळ तोंडाने फुंकायचा. मिशा पांढऱ्या व्हायच्या, आम्ही पोरं हसायचो. 1998 मध्ये छातीच्या दुखण्याने तो गेला. डॉक्टरांनी विडीला दोष दिला आणि आम्हीही दिला. विडी तो ओढायचाच.

शिरवळच्या गॅरेजात पोऱ्याने जुना क्लच उतरवला आणि सवयीने हवेचा पाइप उचलला. सोळा-सतरा वर्षांचा असेल. मी ओरडलो, अगदी वर्गातला आवाज काढून. तो दचकला. मग मीच बादलीभर पाणी आणलं, फडकं भिजवून त्याच्या हातात दिलं आणि घर पुसून काढायला लावलं. हा म्हातारा कोण, अशा नजरेने तो पुतण्याकडे बघत होता.

पुतण्या म्हणाला, "पूस रे. माझ्या बापाचा भाऊ आहे."